ट्रेबल दहाला सुटते

उत्तम खरातांच्या हातात गिटार मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती कशालाच जोडलेली नव्हती. सिडकोतल्या आमच्या गल्लीत ते नव्यानेच राहायला आले होते. संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून, इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन, तिच्या वरच्या टोकावर हनुवटी टेकवून ते एकटेच वाजवत होते. आवाज येत होता तो कपडे वाळत घालायची तार छेडल्यासारखा. मी मोठ्या मदतीच्या भावनेने म्हणालो, "काका, लाइट गेलेत का? आमच्याकडे इन्व्हर्टर आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "लाइट हायेत. कोरडी वाजवायलोय. जी कोरडी गोड लागत नाय, ती करंट दिल्यावर बी लागत नाय." मग जरा थांबून हेच वाक्य त्यांनी पुन्हा, सावकाश, शब्द सुटे करून म्हटलं. मला वाटलं, मी ढ दिसतो म्हणून समजावून सांगताहेत. नंतर कळलं की ते सगळ्यांनाच सगळं दोनदा सांगतात.

त्याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. खरात बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत माईकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते दिवसभर सांगायचं, आणि प्रत्येक गाडी दोनदा सांगायची. ही सवय घरी यायला वेळ लागत नाही. त्यांच्या बायकोला, शांतामामींना, "वाढ जेवायला" हेसुद्धा दोनदा ऐकावं लागे. मामी म्हणायच्या, "पहिल्यांदा सांगत्यात तवा मी ऐकतच नाय. दुसरी गाडी धरते." त्या गल्लीच्या मामी झाल्या आणि त्यांच्यामुळे खरात मामा झाले.

आमची एक गायनपार्टी होती. अजून आहे. भीमगीतं, विहारांचे कार्यक्रम, लग्नं, बारशी, आणि वर्षाचा मुख्य हंगाम म्हणजे जयंती. पार्टीच्या मालकीण म्हणजे गायिका वंदनाताई साळवे. त्या दिवसा शाळेत शिकवायच्या आणि स्टेजवरही आमच्यावर हजेरी घेतल्यासारखी नजर फिरवायच्या. ढोलकीवर युसूफभाई, दिवसा सोफ्यांच्या गाद्या भरणारे. मी कीबोर्डला, दिवसा मेडिकल दुकानात. आमचा गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेला होता. मी मामांचं नाव सुचवलं आणि पहिल्याच तालमीला मामा गिटारचा आवाज मोठा करणारा स्वतःचा अँप, स्वतःचं एक्स्टेंशन बोर्ड आणि टोमॅटोचं एक रिकामं प्लास्टिकचं कॅरेट घेऊन हजर झाले.

"कॅरेट कशाला?" वंदनाताईंनी विचारलं.

"अँप खाली जमिनीवर ठेवला की गुडघ्याला ऐकू जातो," मामा म्हणाले. "आपले कान गुडघ्यात हायेत का?" त्यांनी अँप कॅरेटवर तिरका टेकवला, तोंड स्वतःच्या कानाकडे केलं, आणि मग त्याचे तीन नॉब लावले. नॉब कुठे आहे हे सांगायला ते घड्याळ वापरत. घड्याळ वापरणारे पुष्कळ असतील, मामा वेळापत्रक वापरत. "बास अकराला सुटते. मिडल एकला. ट्रेबल दहाला, आन् दहा म्हणजे दहा. ट्रेबल लेट झाली की पब्लिक वैतागतं." बास म्हणजे आवाजाचं पोट, मिडल म्हणजे छाती, ट्रेबल म्हणजे दात, असंही ते सांगत; पण ते सांगणं नवख्यांसाठी होतं. आम्हाला वेळापत्रक पुरे.

त्या पहिल्या तालमीला मामांनी वंदनाताईंच्या आवाजामागे एक साधी सुरावट धरली आणि ताईंनी गाता गाता मान वळवून मागे पाहिलं. त्या सहसा मागे पाहत नाहीत. आवाज मऊ होता, गोल होता, तरी प्रत्येक तार सुटी कळत होती. मामा पार्टीत आले ते तिथेच.

आता मामा-मामी सोयगावला लेकीकडे असतात, पण त्यांच्या त्या पायरीवर अजून कुणी ना कुणी गिटार घेऊन येतं आणि कुलूप बघून परत जातं. एके काळी शहरातली कितीतरी पोरंपोरी तिथे गिटार 'लावून' घ्यायला यायची. मामा खिशातून बसचं जुनं कोरं तिकीट काढायचे आणि गिटारच्या मानेवरच्या पहिल्या पट्टीजवळ तारेखाली सरकवायचे. मग कुणा कॉलेजकुमाराचा बसचा जाड पास मागून घेऊन तोही सरकवायचे. "तारेखालून तिकीट सुटलं पायजे आन् पास अडकला पायजे. दोनी अडकले तर तार बसलेली, दोनी सुटले तर तार उभी." गिटारच्या मानेतला स्क्रू ते अगदी थोडा फिरवायचे आणि मग तिला चहा होईपर्यंत भिंतीला टेकवून ठेवायचे. लाकडाला विचार करायला वेळ द्यावा लागतो असं त्यांचं म्हणणं. तो वेळ नेमका मामींच्या चहाला लागतो तेवढाच असायचा, ही गोष्ट मला जरा संशयास्पद वाटायची.

सगळंच मामांचं बरोबर असे असं मुळीच नाही. गिटारला तुपाचा वास लागला की तारा गंजतात, यावर त्यांची श्रद्धा होती. पुरणपोळीच्या दिवशी ते गिटारला हात लावत नसत. तिची पिशवी मामींनी जुन्या साड्यांची गोधडी शिवून केली होती. टेम्पोतून कार्यक्रमाला जाताना ती गोधडी पुढे ड्रायव्हरशेजारी मामांच्या मांडीवर आणि आम्ही हौद्यात मागे. उन्हाने माणूस वाकत नाही, लाकूड वाकतं, हे उत्तर त्यांच्याकडे तयार असे.

माझ्या मुलीला, प्राचीला, इलेक्ट्रिक गिटार हवी झाली तेव्हा मी अर्थातच मामांना घेऊन औरंगपुऱ्यातल्या दुकानात गेलो. प्राचीने व्हिडिओ बघून बघून मनाशी एक गिटार ठरवली होती: काळी, दोन्ही बाजूंना टोकदार. दुकानदाराने ती कपाटाएवढ्या अँपला जोडली, कसलीशी पेटी पायाने दाबली आणि एक तार छेडली. आवाज असा झाला की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. प्राचीचे डोळे चमकले. मामांनी वाकून वायर उपसली.

"अहो काका!" दुकानदार.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," मामा म्हणाले. हे ते मत देण्यापूर्वी नेहमी म्हणत. "दुकानातला आवाज दुकानातच राहतो. घरी काय येतंय ते बघू द्या. बिनहाताची खुर्ची हाय का?"

खुर्ची आली. मामांनी प्राचीला बसवलं आणि दुकानातल्या गिटारी एकेक करून कोरड्या तिच्या हातात दिल्या. काळी टोकदार गिटार मांडीवर ठरेचना. हात सोडला की तोंड खाली. "हिला सांभाळायलाच तुझा डावा हात जाणार. वाजवणार कोणता?" शेवटी कोपऱ्यातली एक गिटार निघाली, शिळ्या चहाच्या रंगाची. प्राचीने नाक मुरडत ती घेतली, सहा तारांवरून अंगठा ओढला आणि तारा वाजायच्या थांबेपर्यंत गिटार पोटाशी धरून ठेवली. मग हळूच म्हणाली, "मामाआजोबा, ही पोटात वाजते." मामांनी दुकानदाराकडे असं पाहिलं की जणू ती गिटार त्यांनीच बनवली होती. परत येताना रिक्षात ते तिला म्हणाले, "अँप नंतर घे. आधी हिच्याशी बोल." आणि अर्थातच दुसऱ्यांदाही म्हणाले.

करंटच्या बाबतीत मात्र मामा चेष्टा खपवून घेत नसत. गावातल्या स्टेजवर अर्थिंगचा पत्ता नसतो. गिटारवाल्याचा हात तारेवर असतो, गाणाऱ्याचे ओठ माईकला लागतात आणि मग असा झटका बसतो की गाणं राहतं बाजूला. म्हणून गावात पोचल्यावर मामा सरपंचांना नमस्कार करायच्या आधी मीटर कुठे आहे ते विचारत. सोयगावकडच्या एका गावात एप्रिलच्या उन्हात आम्ही पोचलो. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, म्हणजे करंट जमिनीत उतरायला वाटच नाही. मामांनी मंडपामागे ठेवलेली पाण्याची घागर उचलली, शेजारची मिठाची पिशवी उचलली आणि दोन्ही खड्ड्यात रिकामी केली. टेस्टर लावून समाधानाने मान हलवली. घागर पाहुण्यांच्या थंड पाण्याची होती आणि मीठ पंगतीच्या डाळीचं होतं. आचारी हातात झारा घेऊन आला. मामा त्याला म्हणाले, "आधी करंट बघावा, मग कला, मग डाळ." त्या दिवशी गावाने अळणी वरण खाल्लं. वंदनाताईंनी मात्र ओठ माईकला लावून, बिनधास्त, तीन तास गायलं.

असे मामा. म्हणून पुढचं सांगायला अवघड जातं.

रिटायर झाल्यानंतरची गोष्ट. एका तालमीला ट्रेबल अकराला सुटली. मी म्हटलं, "मामा, आज लेट?" ते म्हणाले, "तारा जुन्या झाल्यात." नव्या तारा आल्या. काही महिन्यांनी ट्रेबल बाराला सुटायला लागली. तेव्हा वायर खराब ठरली. मग एकला, तेव्हा अँपचा स्पीकर. मग पावसाळी हवा. मामा एकेक वस्तू बदलत गेले आणि आवाज धारदार होत गेला. वंदनाताईंच्या गाण्यामागे जी मऊ सुरावट असायची ती आता पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी यायला लागली. पुढच्या रांगेतल्या बाया कानावर पदर घ्यायच्या. मामांना वाटायचं, वारा सुटलाय.

शेवटी नवा अँप बघायला ते मला औरंगपुऱ्यात घेऊन गेले. त्याच दुकानात. मामांनी पहिल्या अँपची ट्रेबल शेवटपर्यंत फिरवली, तार छेडली, डोकं हलवलं. "ह्यो बी मुकाच." दुसरा. "ह्यो बी मुका." दुकानदाराने दोन्ही हात कानांवर ठेवले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी समोरच्या बासऱ्यांकडे पाहायला लागलो. मेडिकल दुकानात बसतो मी. कशाला काय म्हणतात ते मला कळत होतं. पण ज्या माणसाच्या पायरीवर सगळं शहर आवाज दुरुस्त करून घ्यायला येतं, त्याला तुमचा कान गेलाय हे कसं सांगायचं?

युसूफभाईंनी सांगितलं. त्यांना आडून बोलता येत नाही. तालमीत ढोलकी थांबवून ते म्हणाले, "खरातसाब, ट्रेबल कम करो. कान में सुई घुसरी."

"ढोलकीवाल्यानं ढोलकीचं बघावं," मामा म्हणाले.

"हौ, देखतूं. सुनाई तो आना मेरी ढोलकी मेरेकू."

मामांनी गिटार गोधडीत घातली आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. निरोप माझ्यामार्फत जायचे. "विलास, त्याला सांग लय चढवू नको." "विलासभाई, उनकू बोलो, चढी नहीं." स्टेजवर पाठीला पाठ करून बसायचे, तरी समेवर मात्र दोघे एकदमच यायचे. मला त्याचंही हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

त्यातच शहरातल्या जयंतीच्या मोठ्या कार्यक्रमाच्या संयोजकांनी वंदनाताईंना फोन केला. पार्टी तुमचीच हवी, पण गिटारवाला दुसरा आणा. तुमचा फार चावतो. ताईंनी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि मला विचारलं, "विलास, मामांना कोण सांगणार?" जयंतीचं ते स्टेज मामांचं वर्षाचं स्टेज होतं. त्यासाठी ते आधी महिनाभर तिकीट आणि पास घेऊन बसायचे. मी म्हटलं, "अजून वेळ आहे, ताई." आम्ही दोघांनीही ते तसंच ढकललं.

पावसाळा संपता संपता खुलताबादच्या पुढे, डोंगरावरच्या एका गावात नव्या विहाराचा कार्यक्रम होता. आम्ही लवकर पोचलो. मामांनी अर्थिंगला पाणी घातलं, या वेळी विचारून. मग टेम्पोची मागची फळी पाडून आम्ही चौघे चहा घेत बसलो. दिवस मावळत होता. चारी बाजूंनी मक्याची रानं, आणि त्या रानांतून रातकिडे असे किर्र ओरडत होते की चहा देणाऱ्या बाईशीसुद्धा मोठ्याने बोलावं लागत होतं.

मामांनी कप खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय फवारण्या करत्यात बघा लोक. यंदा रातकिडा बी राहिला नाय. आमच्या सोयगावला या दिवसात झोप यायची नाय त्यांच्या आवाजानं."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी वाक्य दुसऱ्यांदा सुरू केलं, "यंदा रातकिडा बी..." आणि आमची तोंडं बघून ते मधेच थांबले. मामांचं वाक्य अर्धं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

युसूफभाई कित्येक दिवसांनी त्यांच्याशी थेट बोलले. आवाजात चिडचिड नव्हती. "हैं, खरातसाब. बहुत चिल्लारें."

मामा हसले. मग हसायचे थांबले. "विलास, तुला यायलाय आवाज?"

"येतोय, मामा."

"ताई?"

वंदनाताईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. मामांनी कान रानाकडे केला, मग दुसरा कान केला.

"म्हंजे तारा चांगल्या होत्या," ते म्हणाले. "वायर बी. स्पीकर बी." आणि मग युसूफभाईंकडे वळून, "ते सुईचं तू म्हणलास. लई दिसापासून व्हय?"

"हौ साब. बहुत दिन से."

"आन् तुम्ही समदे गप बसलात."

"धीर झाला नाही, मामा," वंदनाताई म्हणाल्या. मग जयंतीच्या फोनचंही त्यांनी सांगून टाकलं. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "बराबर हाये त्यांचं. बघा मंग दुसरा कुणी. लोकांच्या कानात सुया कशाला घालू मी?" एवढं बोलून ते गोधडीची गाठ सोडायच्या ऐवजी पुन्हा घट्ट बांधायला लागले.

युसूफभाईंनी ती गोधडी त्यांच्या हातातून काढून घेतली. स्टेजवर जाऊन ते कॅरेटसमोर मांडी घालून बसले आणि ओरडले, "इधर आव. बजाव."

मामा गेले. वाजवायला लागले. युसूफभाईंनी डोळे मिटून ट्रेबलचा नॉब हळूहळू मागे फिरवला. चार, तीन, दोन. आम्ही खाली उभे होतो आणि आवाज आमच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, माणसात येत होता. बारा. अकरा. मग युसूफभाईंचा हात थांबला. "बस. ये है."

मामांनी वाकून नॉबकडे पाहिलं. तो दहावर होता.

"दहालाच हाये की," ते म्हणाले. "दहालाच हाये की रे." मग परत तार छेडून त्यांनी तोंड वाकडं केलं. "मला तर गोधडीत गुंडाळून वाजवल्यावानी यायलंय."

"हमकू बराबर आरा, साब."

मामांनी थोडा विचार केला. मग अँपचा तो नॉब बोटांनी धरून ओढला. नॉब हातात आला, मागे नुसती लोखंडी काडी राहिली. तो त्यांनी युसूफभाईंच्या तळहातावर ठेवला. "ह्यो तुझ्याकडं ठेव. माझ्याकडं राहिला तर हात शिवशिवल." त्या संध्याकाळी मामांनी जे वाजवलं ते पहिल्या तालमीसारखं होतं. कार्यक्रम संपल्यावर वंदनाताईंनी तिथूनच संयोजकांना फोन लावला आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं की गिटारवाला तोच राहील.

हिवाळ्यात मामींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. कानाचं मशीन आलं. बोलण्यापुरतं ते बरं होतं, पण गिटार त्यातून डब्यात खडे हलवल्यासारखी ऐकू येते म्हणून मामा वाजवताना ते काढून मामींच्या पर्समध्ये द्यायचे.

जयंतीचा तो कार्यक्रम म्हणजे मामांना वाजवताना मी पाहिलं ते शेवटचं. त्यानंतर ते सोयगावला गेले. निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, माणसांची एवढी गर्दी की स्टेजवरून रस्ता दिसत नव्हता. मामांनी अँप कॅरेटवर टेकवला, मशीन काढून मामींना दिलं. युसूफभाईंनी ढोलकी बाजूला ठेवली, कुर्त्याच्या खिशातून नॉब काढला, त्या काडीवर बसवला, जागेवर फिरवला, काढून परत खिशात टाकला. संयोजक हा प्रकार बघत उभे होते.

"सुटली का?" मामांनी विचारलं.

"दस को छूटी. टाइम पे."

मामांनी हनुवटी गिटारवर टेकवली. एवढी गर्दी समोर होती, पण त्यांची नजर होती ढोलकीमागच्या चेहऱ्यावर. वंदनाताईंनी सूर लावला आणि मामांनी मागून ती मऊ सुरावट धरली, आम्हा सगळ्यांना येत होती तशी त्यांना ऐकू येत नव्हती ती. युसूफभाईंनी डोळे मिटून मान डोलावली. ते बघून मामा हसले आणि पुढची ओळ वाजवायला लागले.